चार खाचा, एक खाच

१७ ऑक्टोबर, रविवार

होय, शर्टासाठी. एका शर्टाच्या मागच्या पल्ल्यासाठी. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या आणि वही खाली ठेवा, कारण माझं बरोबर आहे का चूक हे मी तुम्हाला विचारत बसणार नाहीये. म्हणे, "अगं, गंमत असते ती." मला शिकवू नका. मी सहा वर्षांची असल्यापासून त्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये बसून ती गंमत बघितली आहे. हरणावर नेम चुकला की शिकारीच्या टोळीचा म्होरक्या तुमच्या शर्टाचा मागचा पल्ला सुरीनं कापतो, त्यावर नाव आणि साल लिहितो आणि भिंतीवर ठोकतो. बाबांचे तीन आहेत तिथं. टोळीतल्या ड्वेनचे तर अकरा.

पण गेल्या डिसेंबरात माझ्या अंगावर बाबांचा शर्ट होता. बाबा त्याच्या आधीच्या ऑगस्टमध्ये गेले होते. हिरव्या-काळ्या चौकड्या, कोपराला ठिगळ, कॉलरला अजून त्यांच्या मानेचा वास. मी म्हटलं, "काका, हा नको. हा बाबांचा आहे." व्हर्लिन ऑक्सनरायडर, आमच्या टोळीचा म्होरक्या, बाबांचा तीस वर्षांचा दोस्त, माझ्या पाठीमागे उभा राहून म्हणाला, "माहीत आहे मला. म्हणून तर."

आणि कापला.

म्हणून तर. दहा महिने झाले, धान्याच्या कोठारावर कामाला असते तिथं माझ्या वजनकाट्यावर ट्रक उभा असतो, ड्रायव्हर काहीतरी विचारत असतो, आणि मला ऐकू येतं, म्हणून तर.

तर आज काय झालं ते. बाबांची बंदूक गेल्या मोसमानंतर पहिल्यांदा बाहेर काढली. नळीच्या तोंडाला तेल लावताना बोट अडकलं. एक खाच.

ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी एकदाच सांगते. आमच्याकडे हरणाला कायद्यानं रायफल चालत नाही, शॉटगनच लागते. तिच्या तोंडात आतून आटे असतात, त्यात बोटभर लांबीचं नळकांडं फिरवून बसवायचं, तो चोक. टर्कीला छर्रे मारतात, छर्रे फाकू नयेत म्हणून घट्ट चोक. हरणाला छर्रे नाहीत, एकच जाड शिशाची गोळी, स्लग. तिला सैल चोक हवा. घट्टमधून रेटली तर ती चेंबते, आणि लांबवर कुठं जाईल ते तिचं तिलाच माहीत. कोणता चोक बसवलाय ते कडेवरच्या खाचांवरून कळतं. चार खाचा म्हणजे सैल. एक खाच म्हणजे घट्ट.

बाबांनी गेल्या वर्षी मे महिन्यात टर्की मारली होती. त्यानंतर चोक कुणी बदललाच नाही. मी बघितलं नाही, ही माझी चूक, लिहून ठेवते. पण मोसमाच्या पहिल्या सकाळी व्हर्लिन प्रत्येक बंदुकीच्या तोंडावरून अंगठा फिरवतो. बघतसुद्धा नाही, नखानं खाचा मोजतो. तीस वर्षं. त्याच्या अंगठ्यातून काही सुटत नाही, हे बाबाच सांगायचे. गेल्या वर्षी माझ्या बंदुकीवरून त्यानं अंगठा फिरवला आणि म्हणाला, "चल."

म्हणजे त्याला कळलं होतं. आणि त्यानं मला जाऊ दिलं. सत्तर पावलांवर आठ टोकांच्या शिंगांचा नर माझ्यासमोर आडवा उभा होता आणि माझी गोळी भलतीकडेच गेली. मग त्यानं सुरी काढली.

१८ ऑक्टोबर

झोप नाही. काटा दोनदा चुकीचा वाचला. मॅनेजर म्हणाला, बरी आहेस ना. म्हटलं, एकदम.

२४ ऑक्टोबर, रविवार

घरामागच्या खड्ड्यात जाऊन खात्री केली. सत्तर पावलं, कागदी बशी, मागे प्लायवूड. बाबांच्या डबीतला चार खाचांचा चोक लावून तीन गोळ्या मारल्या, तिन्ही बशीत. एक खाचेचा लावून तीन: एक प्लायवूडच्या कोपऱ्यात, एक दोन हात डावीकडे मातीत, एक सापडलीच नाही.

व्हर्लिनची बंदूक आणि बाबांची बंदूक एकाच वर्षी, एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेल्या. एकाच बनावटीच्या. एकीचा चोक दुसरीत बसतो.

इतकंच लिहिते आज.

६ नोव्हेंबर, शनिवार

मक्याचे ट्रक रस्त्यापर्यंत. ड्वेन हॉफ काट्यावर आला, खिडकीतून अर्धा बाहेर.

"काय गं शॉना, यंदा शर्ट घालून येणारेस की चिलखत?"

"तुम्ही बनियनवर या. कापायला काही राहिलंच नाहीये तुमच्याकडे."

"बायको म्हणते, तुझे सगळे शर्ट मागून उघडे, पुढून सभ्य. चर्चमध्ये मी शेवटच्या बाकावर बसतो." मग जरा आवाज खाली आणून म्हणाला, "तुझा तो पल्ला भिंतीवर नाहीये, बघितलंस?"

"कुठंय?"

"व्हर्लिननं त्याच संध्याकाळी काढला. आम्ही गाड्या काढत होतो, तो परत आत गेला. खिळा तेवढा राहिलाय."

"आणि काय केलं त्याचं?"

"मला काय माहीत. वजन किती भरलं ते सांग."

फेकला असणार. कापायचं, हसायचं, आणि वर भिंतीवर ठेवायचीसुद्धा लायकी नाही. बाबांच्या तीन पल्ल्यांशेजारी त्यांचा चौथा लागला असता, तोही बघवला नाही.

ड्वेनचं वजन चुकीचं लिहिलं. परत बोलवावं लागलं.

२८ नोव्हेंबर, रविवार

झालं.

थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या रविवारी सगळी टोळी व्हर्लिनच्या कुरणात बंदुका तपासून घेते. मग बंदुका रिकाम्या करून मागच्या पडवीतल्या लाकडी घोडीवर लावायच्या आणि आत चिली, म्हणजे मांस-राजम्याचं तिखट कालवण, आणि दालचिनीचे रोल. तसंच झालं. व्हर्लिननं साठ पावलांवर तीन गोळ्या मारल्या. तिन्ही एका कपाच्या तोंडाएवढ्या जागेत. एकाहत्तर वर्षांचा आहे. मला राग आला.

आर्लिसकाकू, म्हणजे त्याची बायको, एकटीच स्वयंपाकघरात होती. मी भांडी पुसायला गेले. मला पडवीकडे जायचं होतं, आणि पडवीचं दार स्वयंपाकघरातूनच आहे.

"वाळलीस गं," ती म्हणाली. "तुझ्या कोठारावर जेवायला देत नाहीत?"

"धूळ देतात, काकू. पोटभर."

"व्हर्लिनचे डोळे फेब्रुवारीत करून घेतले, सांगितलं का त्यानं? मोतीबिंदू. दोन्ही. गेला मोसमभर याला समोरचं धड दिसत नव्हतं आणि हा कुणाला सांगेल तर शपथ. त्यात साखर. बोटांची टोकं बधिर. मी गरम तव्यावर हात ठेवलेला बघितलाय, कळलंसुद्धा नाही."

"अजून बधिर आहेत?"

"ती काय सुधारतात होय. डोळे तेवढे पोरासारखे झालेत. परवा मला म्हणाला, आर्लिस, तुझ्या हनुवटीवर केस आहे. चाळीस वर्षं सुखानं संसार केला मी."

मी हसले. पण माझ्या डोक्यात एकच बसलं: अंगठा बधिर आहे. म्हणजे यंदा स्वतःच्या नळीवरून फिरवला तरी त्याला कळणार नाही. देवच पाठीशी.

ती बोलतच होती. "आणि तो शिकारीचा कोट. धुवायला टाक म्हटलं की चिडतो. आतल्या खिशाला हात लावू देत नाही. काय ठेवलंय त्यात देव जाणे, तंबाखू असेल. डॉक्टरनं बंद केलीये."

"असेल," मी म्हटलं, आणि पडवीत गेले.

ताट पुसायला लागतो तेवढाच वेळ लागला. त्याचा चार खाचांचा चोक काढला, माझा एक खाचेचा बसवला, नीट घट्ट केला, म्हणजे आट्यांना काही होऊ नये. बंदूक चांगली आहे, तिचा काय दोष. त्याचा चोक खिशात टाकला. परत आत येऊन उरलेली ताटं पुसली.

१ डिसेंबर, बुधवार

शंका लिहायच्या ठरवल्या होत्या, तर लिहिते.

कुणाला लागली तर? नाही लागणार. व्हर्लिन दरवर्षी ओढ्याच्या वाकणावर ओकच्या बुंध्याशी उभा राहतो. समोर उंच दरड आहे, गोळी मातीत जाते. आम्ही हरणं उठवणारे हाकारे बाजूनं येतो, दरडीच्या रेषेत कुणी येत नाही. हे मी नकाशा काढून बघितलं. दोनदा.

हरीण जखमी होऊन पळालं तर? पायात गोळी लागलेलं हरीण दोन दिवस चालतं. बाबांनी असं एक अंधार पडेपर्यंत शोधलं होतं, गुडघे सोलवटेपर्यंत. मी हे वाक्य इथंच सोडते.

तरी फोन केला. वाटलं काहीतरी कारण सांगून जाईन आणि चोक परत लावून येईन. त्यानंच उचलला.

"शॉना? बोल."

"शनिवारी किती वाजता?"

"तीस वर्षं साडेपाच. बदललं तर वर्तमानपत्रात देईन."

"बरं."

"अगं." मागे टीव्ही. "काका म्हणायचं सोडलंस तू."

"राहून गेलं असेल."

"वर्षभर?"

मी फोन ठेवला. चोक आहे तिथंच राहू दे.

३ डिसेंबर

उद्या. माझा शर्ट: साधा, माझाच. काप म्हणावं.

४ डिसेंबर, शनिवार

क्रमानं लिहिते, नाहीतर सुटेल.

साडेपाच. शेडमध्ये हीटर, कॉफी, ड्वेनचे डोनट. भिंतीवर पल्ल्यांची रांग आणि शेवटी तो एकटा खिळा. सगळ्यांनी बंदुका उघडून टेबलावर ठेवल्या. व्हर्लिन एकेकीच्या तोंडावरून अंगठा फिरवत निघाला, आणि यंदा अंगठ्यानंतर प्रत्येक नळी दिव्याखाली धरून डोळ्यांनीही बघत होता. ड्वेन म्हणाला, "काय व्हर्लिन, लग्नाला मुलगी बघतोयस का?" तो म्हणाला, "डॉक्टरला पैसे दिलेत, वसूल करतोय."

माझी बघितली. चार खाचा. बाबांचा सैल चोक मी स्वतः लावला होता. तो जरा जास्तच वेळ बघत राहिला. मान हलवली.

शेवटी स्वतःची. मी एक डोनट उचलला. अंगठा फिरवला. टोपी मागे सारली, नळी दिव्याखाली धरली, परत खाली घेतली. मग सगळ्यांवरून नजर फिरवली, आणि ती माझ्यावर येऊन थांबली. मी डोनट खात राहिले.

"थंडी आहे," तो म्हणाला. "हातमोजे आणलेस?"

"आणलेत."

"ठीक."

त्याच्या किल्ल्यांच्या जुडग्याला चोक काढायची चावी कायम लटकलेली असते. खिशात किल्ल्या वाजल्या, पण त्यानं हात बाहेर काढला तो रिकामाच. त्याला कळलं नव्हतं. धूळ बघत होता बहुतेक.

मग माणसं वाटली. "शॉना, तू ओढ्यातून हाकत ये. माझ्याकडे." मला मनातून उडी मारावीशी वाटली. मीच हाकणार, मीच बघणार. मागून घेतलं असतं तरी इतकं नीट मिळालं नसतं.

मक्याच्या धसकटांवर पातळ बर्फ. नारिंगी जाकिटं एकेक करून झाडांत गेली. मी ओढ्याच्या कडेनं चालत, काठीनं बुंध्यांवर मारत निघाले. अर्ध्या वाटेवर तीन माद्या उठल्या आणि त्यांच्यामागे तो, दहा टोकांचा, मानेला जाड, पळत नव्हता, नुसता चालत होता, जसं काही त्याला उशीर झालाय पण कुणाला दाखवायचं नाहीये. सरळ वाकणाकडे.

मी थांबले. ओकच्या बुंध्याशी व्हर्लिन दिसत होता. त्यानं बंदूक वर केली. नर थांबला, आडवा, अंगभर उघडा. मी मनात म्हटलं, म्हणून तर.

एकच बार.

नर उसळला, दरड चढला आणि गेला. अंगावर केसभर ओरखडा नाही, शेपूट पांढरं फडफडत. बंदुकीत अजून दोन गोळ्या होत्या. त्यानं दुसरा बार टाकलाच नाही. नुसता उभा राहिला, नळी खाली करून. गडबडला म्हातारा, मला वाटलं.

हरीण जखमी झालं नाही याचा आनंद झाला. हेही लिहायला हवं.

शेडमध्ये ड्वेननं पत्र्याचा डबा बडवून सगळ्यांना गोळा केलं. तीस वर्षांत व्हर्लिनचा एकही पल्ला भिंतीवर नाही. सगळे इतके खूष की महिन्याचा पगार झाल्यासारखे. "कोण कापणार? म्होरक्याचा म्होरक्या कोण?"

"शॉना कापेल," व्हर्लिन म्हणाला.

त्यानं कोट काढला, घडी करून स्वतःच्या हातावर घेतला, खाली ठेवला नाही. शर्ट पँटीतून बाहेर ओढला. स्वतःची सुरी मूठ माझ्याकडे करून पुढे केली आणि पाठ फिरवली. म्हाताऱ्याची पाठ. बरगड्या दिसत होत्या कापडातून.

"वरपर्यंत काप. भित्री नको होऊस."

मी कापला. शिवणीपर्यंत, आणि शिवणीच्या वर चार बोटं.

"अगं बाई," ड्वेन म्हणाला, "डिसेंबर आहे, त्याला पाठ तरी ठेव."

सगळे हसले. मी मार्कर घेतला. व्हर्लिन. दोन हजार चार. रिकाम्या खिळ्यावर लावला, मुद्दाम. व्हर्लिननं ते बघितलं. माझ्याजवळ येऊन, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाला, "झालं ना आता?"

मी मार्करला टोपण लावलं.

छान वाटलं. छान वाटलं असं लिहून ठेवते.

५ डिसेंबर, रविवार

सकाळी सगळे चर्चला. मी वाकणावर गेले. ती गोळी हवी होती मला. मातीतून उकरून त्या पल्ल्याखाली ठोकायची, म्हणजे दर वर्षी सगळ्यांना दिसेल.

बर्फात नराचे ठसे स्पष्ट होते. थांबला होता तिथं चारही खूर खोल. ओकपासून पावलं मोजली. एकतीस. एकतीस म्हणजे अंगणातलंच अंतर. एवढ्यावर घट्ट चोक काय आणि सैल काय, गोळी चेंबायला आणि भरकटायला जागाच नाही. मी सत्तरवर तपासलं होतं. माझ्या डोक्यात सत्तर होते.

मग गोळी शोधली. नराच्या मागे दरडीत नव्हती. वर नाही, खाली नाही. नराच्या ठशांपासून दहा पावलं डावीकडे दरडीला लागून जुन्या कुंपणाचा एक खांब उभा आहे. त्याला छातीच्या उंचीवर एक गाठ आहे, बशीपेक्षा लहान. गोळी त्या गाठीत होती. मधोमध. चाकूचं टोक आत घातलं तर शिसं लागलं.

माणूस दहा पावलं चुकतो आणि गाठीच्या बरोबर मध्ये लागतो?

मी तिथं बर्फात बसले. पँट ओली झाली. त्यानं दिव्याखाली बघितलं होतं. एक खाच बघितली होती. माझ्याकडे बघितलं होतं. हातमोजे आणलेस का विचारलं होतं. मला स्वतःकडे हाकायला लावलं, दहा टोकांचा नर, आयुष्यातला सगळ्यात मोठा, आडवा, आणि त्यानं बंदूक दहा पावलं फिरवून एका खांबावर मारली. मग पाठ दिली.

भीक. मला भीक घातली त्यानं. सूड म्हणून वर्षभर जे पोसलं ते त्यानं माझ्या हातात खाऊसारखं ठेवलं, मूठ माझ्याकडे करून.

तुम्ही आता म्हणाल, तो चांगला माणूस आहे. म्हणा. तुमचा शर्ट नव्हता.

तिथून थेट त्याच्याकडे गेले. तो आणि आर्लिसकाकू जेवायला बसले होते, चर्चचे कपडे, कालचीच चिली. तो म्हणाला, "ये, बस." काकूनं वाडगा काढला. मी बसले नाही. खिशातून त्याचा चोक काढून त्याच्या ताटाशेजारी ठेवला, चार खाचा वर.

म्हटलं, "खांब बघून आले. मी माफी मागायला आलेली नाही. चोक मी बदलला, आणि तुम्हाला ते माहीत होतं, आणि तुम्ही मला खोटं चुकून दाखवलंत. मला खोटं नको होतं. मला तुम्ही खरोखर चुकायला हवे होतात, सगळ्यांसमोर, न कळता, जशी मी चुकले. गेल्या वर्षी माझ्या नळीवरून तुमचा अंगठा फिरला होता. तुम्हाला कळलं होतं. कळूनही जाऊ दिलंत. पल्ला कापून फेकून दिलात. मग यंदा एवढं मोठं मन कशाला दाखवायचं? कुणाला दाखवताय?"

त्याचा चमचा वाडग्याच्या काठावर थांबला होता. काकू माझ्याकडे नाही, त्याच्याकडे बघत होती. हळूच म्हणाली, "व्हर्लिन, सांग ना तिला अंगठ्याचं."

त्यानं चमचा खाली ठेवला. उजवा हात टेबलावर उलटा ठेवला, तळवा वर, आणि बोटांच्या टोकांकडे बघितलं. मग उठायला लागला, टेबलाला धरून, दुसरा हात खुर्चीच्या पाठीवर टाकलेल्या कोटाकडे गेला, आतल्या बाजूला, आणि त्यानं तोंड उघडलं.

मी थांबले नाही. काहीतरी ऐकावं लागलं असतं. जाळीचं दार माझ्यामागे आपटलं, पिकअप चालूच ठेवली होती, मी मागे घेतली आणि निघाले. आरशात तो पडवीत आलेला दिसला, कोटाशिवाय, हातात काहीतरी धरलेलं, हिरवंसं, चौकड्यांचं. थंडीत. मी वळण घेतलं.